कुंपण, शेत आणि राखणदार

कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणाजवळ मागावी, असें आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. म्हणीचा रोख विश्वासघातावर आहे. ज्यास रक्षणास ठेविलें तोच भक्षक झाला म्हणजे इलाज खुंटतो, हें तिचें तात्पर्य. परंतु तींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. शेत खाणारें कुंपण स्वतःच फिरलेलें असतें, दोष त्याचाच असतो, आणि म्हणून तें उपटून टाकलें कीं प्रश्न मिटतो, असें म्हण मानते. आज ज्या चोरीविषयीं आम्ही लिहिणार आहों तिच्यांत कुंपण फितूर झालेलें नसतें. तें जागच्या जागीं उभें राहून नेमून दिलेलें काम मुकाट्यानें करीत असतें, आणि तरीहि शेत खाल्लें जातें. अशा वेळीं दोष कोणाचा, तो ओळखावा कसा, आणि ज्याच्या हातून तें घडलें त्यास आपण काय म्हणावें, हे तीन प्रश्न उभे राहतात. ते वरवर पाहतां संगणकशास्त्राचे दिसले तरी वस्तुतः नीतीचे आहेत, असें आम्हांस वाटतें.

ह्या विचारास निमित्त आमच्या चारकोपांतच घडलें. ह्या वसाहतीची ठेवण मुंबईच्या इतर उपनगरांहून थोडी निराळी आहे. १९८० नंतरच्या दशकांत, जागतिक बँकेच्या साहाय्यानें, म्हाडानें कांदिवलीच्या पश्चिमेस येथें लहान लहान भूखंड आखले. रस्ते, पाणी आणि गटारें यांची सोय करून दिली. आणि घरें मात्र ज्यांचीं त्यांनीं ऐपतीप्रमाणें बांधावीं असें ठरविलें. मध्यें मोकळें अंगण आणि भोंवतीं घरें, असा अनेक आवारांतला शेजार आतां तीस-पस्तीस वर्षांचा झाला आहे. अशाच एका आवारांत आमचे एक वृद्ध स्नेही राहतात. सारा जन्म शाळेंत गणित शिकविण्यांत गेला. आवारांत सर्वजण त्यांना गुरुजी म्हणतात. गेल्या वर्षीं एके दुपारीं त्यांना फोन आला. बोलणारा अदबीनें बोलत होता. आपण बँकेंतून बोलत आहों, आपल्या खात्याचे कागद अपुरे राहिले आहेत, आज पूर्तता न झाल्यास खातें गोठेल, असें त्यानें सांगितलें. आणि मदतीसाठीं म्हणून एक अ‍ॅप फोनवर घेण्यास सुचविलें. ह्या अ‍ॅपच्या योगें दूर बसलेल्या माणसास आपल्या फोनचा पडदा दिसतो. तें अ‍ॅप खोटें नव्हतें. कचेऱ्यांतून संगणकाची दुरुस्ती करणारे लोक तसलीं साधनें रोज वापरतात. अशाच एका साधनाच्या गैरवापराविषयीं रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्यें इशाराहि दिला होता. पण तो गुरुजींच्या कानीं कधीं आला नाहीं. पाऊण तासांत त्यांची ठेव पांच हप्त्यांनीं निघून गेली.

दुसऱ्या दिवशीं ते बँकेंत गेले तेव्हां त्यांना उत्तर मिळालें कीं, सर्व व्यवहार आपल्याच फोनवरून, आपल्याच परवलीच्या शब्दानें झाले आहेत. आमच्या दप्तरीं कांहीं गैर दिसत नाहीं. हें उत्तर अक्षरशः खरें होतें. कुलूप फुटलें नव्हतें, किल्ली चोरीस गेली नव्हती, दार मालकानेंच उघडलें होतें. परंतु पैशापेक्षांहि एक दुसरीच गोष्ट त्यांना लागली. घरचीं माणसें व शेजारीपाजारी, सर्वांच्या तोंडीं एकच वाक्य होतें: 'तुम्ही एवढे शिकलेले, आणि असें कसें केलें?' त्या दिवसापासून गुरुजी संध्याकाळीं अंगणांत बसेनासे झाले.

गुरुजींच्या फोनवर लहान प्रमाणावर जें घडलें तेंच मोठ्या संस्थांच्या संगणकांत मोठ्या प्रमाणावर घडत आलें आहे. संगणकांतील चोर म्हटला कीं बाहेरून आंत शिरलेला कोणी परका जिन्नस आपल्या डोळ्यांपुढें येतो. पुष्कळ वर्षें तें खरेंहि होतें. व्हायरस पकडणारीं सॉफ्टवेअरें पोलीस चौकींतल्या नामचीन चोरांच्या यादीप्रमाणें चालत. यादींतला चेहरा दिसला कीं धरावा, हा त्यांचा मुख्य नियम. चोरांनीं हें ओळखलें आणि ते रिकाम्या हातांनीं येऊं लागले. घरांत शिरल्यावर लागणारीं हत्यारें घरांतच असतात, मग बाहेरून आणावयाचीं कशाला? विंडोज प्रणालीकरितां व्यवस्थापकाच्या सोयीसाठीं मायक्रोसॉफ्टनेंच अनेक साधनें दिलेलीं आहेत. पॉवरशेलच्या योगें एकामागून एक शेंकडों आज्ञा देतां येतात. सर्टयुटिल हें साधन डिजिटल प्रमाणपत्रें तपासण्यासाठीं आहे, पण दूरच्या ठिकाणाहून एखादी फाईल आणण्याचें कामहि तें करूं शकतें. डब्ल्यूएमआयसी आणि पीएसएग्झेक यांच्या साहाय्यानें एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्राकडून काम करवून घेतां येतें. ह्या सर्वांवर निर्मात्याची सही असते, म्हणून दारावरचा राखणदार त्यांना अडवीत नाहीं. २०१३ सालीं अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं ह्या रीतीस जें नांव दिलें त्याचा अर्थ 'मुलुखावर गुजराण करणें' असा होतो. मराठी वाचकास हा शब्द उलगडून सांगण्याची गरज नाहीं. सड्या घोडदौडीनें जाऊन शत्रूच्याच मुलुखांत दाणावैरण मिळविणाऱ्या फौजा आमच्या इतिहासांत होऊन गेल्या आहेत.

तो इतिहास आठवला म्हणजे पहिल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळतें. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं शिवाजी महाराजांनीं पुण्यांत लाल महालावर छापा घातला, तेव्हां कोणता तट फोडावा लागला नाहीं. वरातीच्या मिषानें माणसें शहरांत आलीं असें एक परंपरा सांगते. आम्ही मोगली फौजेंतलेच दक्षिणी शिपाई आहों, आपल्या जागेवर चाललों आहों, असें त्यांनीं पहाऱ्यावर सांगितलें असें दुसरी सांगते. दोहोंचा मथितार्थ एकच. पहारेकऱ्यानें 'कोण आहे?' असें विचारलें, आणि त्यास जें उत्तर मिळालें तें त्याच्या नियमांत बसणारें होतें. आंतल्या वाटा तर महाराजांच्या लहानपणापासूनच्या परिचयाच्या होत्या. ह्या पराक्रमाचा आम्हांस अभिमान वाटतो, आणि तो यथार्थ आहे. कारण घर महाराजांचें होतें व परका होता तो खान. यावरून दिसतें कीं, युक्ति ही स्वतः पुण्यहि नव्हे आणि पापहि नव्हे. घर कोणाचें, आज्ञा कोणाची, आणि शेवट कोणता, ह्या तीन गोष्टींनीं तिचा न्याय होतो. साधनाकडे कितीहि निरखून पाहिलें तरी ह्यांपैकीं एकहि गोष्ट त्याच्यावर लिहिलेली आढळणार नाहीं.

आतां अलीकडचीं दोन उदाहरणें घेऊं. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर आहे. तेथील गेटवे टर्मिनल्स हा धक्का मर्स्क ह्या डेन्मार्कच्या जहाजकंपनीच्या समूहाकडून चालविला जात होता. २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमध्यें हिशेबाच्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नित्याच्या सुधारणेच्या वाटेनें नॉटपेट्या नांवाचा उपद्रव सुटला, आणि हजारों कोसांवरच्या ह्या धक्क्यावरील काम ठप्प झालें. प्रणालींतील एका उणिवेचा फायदा ह्या उपद्रवानें घेतलाच. पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. ज्या संगणकांत शिरला तेथून अधिकाऱ्यांचीं नांवें व परवलीचे शब्द उचलून, त्यानें वर सांगितलेल्या पीएसएग्झेक व डब्ल्यूएमआयसी ह्या साधनांकरवीं शेजारच्या संगणकांस आज्ञा दिल्या. त्यामुळें ज्या यंत्रांतील उणीव वेळेवर बुजविलेली होती तींहि पडलीं. कारण त्यांना आज्ञा आली ती त्यांच्याच धन्याच्या नांवानें. मर्स्क कंपनीस त्यानंतर सुमारें ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें सिद्ध करावे लागले.

दुसरें उदाहरण पुण्याचें. १९०६ सालीं स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेंत, एटीएम यंत्रें आणि खात्यांचें दप्तर यांच्यामध्यें निरोप पोंचविणारी जी व्यवस्था होती, तिच्या जागीं चोरांनीं आपला तोतया निरोप्या उभा केला. यंत्रानें विचारावें, पैसे द्यावयाचे काय? आणि तोतयानें प्रत्येक वेळीं उत्तर द्यावें, द्या. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, बँकांच्या सुटीच्या दुसऱ्या शनिवारीं, २८ देशांतील एटीएमांतून सुमारें १२,००० व्यवहारांनीं ७८ कोटी रुपये काढले गेले. देशांतल्या देशांत आणखी अडीच कोटी गेले. आणि १३ ऑगस्टला बँकांमधील संदेशांच्या स्विफ्ट ह्या नेहमींच्याच मार्गानें हाँगकाँगच्या एका खात्याकडे जवळजवळ १४ कोटी वळविले गेले. एप्रिल २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें ह्या प्रकरणीं ११ जणांस दोषी ठरविलें. ह्या कथेंत एटीएम यंत्रानें कोणता नियम मोडला? कोणताहि नाहीं. स्विफ्टच्या मार्गानें कोणता मोडला? त्यानेंहि नाहीं. सुटा घेतला तर एक एक व्यवहार बिनबोभाट होता. परंतु पुण्यांतील एका सहकारी बँकेचे इतके खातेदार एकाच दिवशीं २८ देशांत पैसे काढण्यास उभे राहतील काय, हा प्रश्न विचारला असता तर उत्तर द्यावयास तज्ज्ञ लागला नसता. एकेका दाण्यांत जें दिसत नव्हतें तें राशींत दिसत होतें. मात्र राशीकडे पाहणारा कोणी तरी हवा होता.

येथें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. चोर आपल्याच साधनांनीं, आपल्याच नांवानें काम करूं लागला म्हणजे 'तूं कोण?' हा प्रश्न निरुपयोगी होतो. त्याऐवजीं दुसरे चार प्रश्न विचारावे लागतात: तुला हांक कोणीं मारली, तूं काय घेऊन निघालास, कोणत्या वेळीं, आणि कोणाकडे? पॉवरशेल चालूं होणें ह्यांत नवल कांहींच नाहीं. पण टपालानें आलेलें एक साधें पत्र वाचण्यासाठीं उघडलें, आणि त्या पत्रानेंच पॉवरशेलला हांक मारून एक लांबलचक, मुद्दाम दुर्बोध केलेली आज्ञा त्याच्या हातीं दिली, तर तें नवल आहे. पत्रास व्यवस्थापकाच्या हत्याराशीं काय कर्तव्य? प्रमाणपत्रें तपासणारें साधन पहांटे तीन वाजतां अनोळखी ठिकाणाहून फाईल आणूं लागलें, किंवा पगारपत्रकें करणाऱ्या कारकुनाच्या नांवानें एका मिनिटांत चाळीस यंत्रांवर आज्ञा सुटल्या, तर त्यांत बेकायदा असें सुटें कांहींच नसतें. विसंगत मात्र सर्वच असतें. हें दिसावें म्हणून नोंदी ठेवाव्या लागतात. कोणत्या कामानें कोणतें काम सुरू केलें, ह्याची वंशावळ जपावी लागते. भारत सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानें अशा नोंदी १८० दिवस जतन करण्यास आणि हल्ल्याची बातमी ६ तासांत कळविण्यास सांगितलें, त्याचें मर्म हेंच होय.

परंतु नुसत्या नोंदी म्हणजे पाहणें नव्हे. आमच्या आवाराच्या फाटकावर एक वही आहे. येणारा आपलें नांव, घराचा क्रमांक आणि वेळ तींत लिहितो. खोटें नांव लिहिलें तरी वही तें मुकाट्यानें सांठविते. त्याच फाटकाजवळच्या घरीं एक आजी ओसरीवर बसून असतात. त्यांना लिहितां वाचतां बेताचेंच येतें. पण दूध देणारा मुलगा दुपारीं दिसला तर त्या विचारतात, 'कां रे, आज ह्या वेळेला?' आणि गॅसची टांकी घेऊन आलेला माणूस वरच्या मजल्याकडे न वळतां मागच्या बोळाकडे वळला तर त्यांचें लक्ष जातें. वहीजवळ माहिती आहे, आजींजवळ परिचय आहे. विपरीत काय तें ओळखण्यास नित्याचें काय तें आधीं ठाऊक असावें लागतें. ज्या कचेरींत आपली यंत्रें रोज काय करितात हेंच कोणास माहीत नाहीं, त्या कचेरीनें कितीहि किंमतीचें उपकरण बसविलें तरी तें त्या फाटकावरच्या वहीसारखेंच राहणार.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. कोणी म्हणेल, असलीं धोक्याचीं साधनें मुळांतच काढून टाका. ज्याला ज्याची गरज नाहीं त्याच्या हातीं तें नसावें, एवढें आम्हांस मान्य आहे. पण सर्वत्र बंदी घातली तर व्यवस्थापकाचे हातच बांधले जातील; आणि उद्यां चोर जें साधन उरेल तें वापरील. विळीनें बोट कापतें म्हणून स्वयंपाकघरांतून विळी हद्दपार करीत नाहींत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वागणुकीवर नजर ठेवावयाची म्हणजे प्रत्येक नोकरावर संशय घ्यावयाचा, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रसंग यावयाचा. बिघडलेलें यंत्र रातोरात दुरुस्त करणारा इमानी माणूस नोंदींत हुबेहूब चोरासारखा दिसतो, हें खरें आहे. तसेंच, उठल्याबसल्या घंटा वाजूं लागली तर ती ऐकणाराहि 'लांडगा आला रे आला' ह्या गोष्टींतल्या गांवकऱ्यांसारखा बधिर होतो. म्हणून आमच्या मतें येथें तीन मर्यादा पाळल्या पाहिजेत. घंटा वाजली तर तो प्रश्न समजावा, निकाल समजूं नये. ज्याचें नांव दिसलें त्यास प्रथम विचारावें. नजर मोठ्या सामर्थ्याच्या साधनांच्या कृतीवर असावी, माणसांच्या खासगी पत्रांवर नसावी. आणि पाहणाऱ्याच्या पाहण्याचीहि नोंद व्हावी, नाहीं तर पहिल्या म्हणींतलें कुंपण खरोखरच शेत खाऊं लागेल. आजी दूधवाल्या मुलास विचारतात, त्यास धरून ठेवीत नाहींत. त्यानें 'सकाळीं गाडी उशिरा आली' असें सांगितलें कीं त्या त्याला पाणी देतात.

आतां तिसरा प्रश्न, आणि आमच्या मनाला अधिक टोंचणारा. गुरुजींनीं काय गुन्हा केला? सीतेच्या दारीं रावण आला तो भिक्षेकऱ्याच्या वेषानें. अतिथीस विन्मुख पाठवूं नये हा गृहस्थाश्रमाचा नियम, आणि रावणानें हत्यार म्हणून वापरला तो तोच नियम. पुढें लोकांनीं ह्या कथेला लक्ष्मणरेषा जोडली. वाल्मीकींच्या रामायणांत ती नाहीं. आम्हांस वाटतें, ही रेषा जोडण्यांत समाजाच्या मनाची एक ओढ दिसून येते. फसविणाऱ्याचा अपराध तर उघडच आहे, पण तेवढ्यानें आपलें समाधान होत नाहीं. फसलेल्यानें कोठें तरी एखादी रेषा ओलांडली असेल, अशी खात्री पटली म्हणजे आपण सुरक्षित आहों असें आपल्याला वाटतें. 'एवढे शिकलेले, आणि असें कसें केलें?' हें वाक्य म्हणजे आम्हीं सर्वांनीं मिळून गुरुजींच्या दारापुढें मागाहून काढलेली रेषाच होती.

गुरुजींना त्या पाऊण तासांत एका वेळीं एकच पायरी दिसत होती, आणि प्रत्येक पायरी नियमाचें पालन म्हणूनच समोर येत होती. त्यांचाच हात, त्यांचाच फोन, त्यांचाच परवलीचा शब्द. परंतु आज्ञा दुसऱ्याची. मर्स्कच्या संगणकांहून त्यांची स्थिति ह्यांत निराळी नव्हती. संपूर्ण जिना ज्याला दिसूं शकत होता असा एकच पक्ष होता, आणि तो म्हणजे ज्याच्या दप्तरीं त्यांच्या दहा वर्षांच्या नोंदी होत्या तो. दरमहा निवृत्तिवेतन जमा होणें, विजेचें बिल भरणें, दिवाळीस नातवंडांना कांहीं पाठविणें, ह्यापलीकडे ज्या खात्यांत कधीं कांहीं घडलें नाहीं, त्यांतून पाऊण तासांत पांच अनोळखी ठिकाणीं ठेव मोडून पैसे जातात. हें विसंगत आहे हें त्या दप्तराला कळूं शकलें असतें. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें, दोष तिसऱ्याच कोणाचा असून खातेदारानें तीन कामाच्या दिवसांत कळविलें तर त्यास तोशीस नाहीं, पण त्याच्या निष्काळजीपणानें नुकसान झालें तर कळवीपर्यंतचें त्यानें सोसावें, असा भेद केला. कायद्याला कोठें तरी भेद करावाच लागतो, आणि खातेदारास कांहींच कर्तव्य नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्याला एक पायरी दिसते त्याच्या चुकीला निष्काळजीपणा म्हणावयाचें, आणि ज्याच्याजवळ सर्व जिना पाहण्याची सोय असून ज्यानें पाहिलें नाहीं त्याच्या स्वस्थतेला नियमपालन म्हणावयाचें, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. पाहण्याचें सामर्थ्य ज्याच्याजवळ अधिक, त्याच्यावर पाहण्याचें ऋणहि अधिक. 'आमच्या दप्तरीं कांहीं गैर दिसत नाहीं' हें वाक्य निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून उच्चारलें जातें. विचार केला तर तें दोषाची कबुली ठरतें.

आणि आम्हीं तरी काय केलें? आम्ही त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. बँकेला त्यांचें खातें ठाऊक होतें, आम्हांस त्यांचा आवाज ठाऊक होता. त्या दुपारीं त्यांच्या खिडकींतून फोनवरचें बोलणें तासभर ऐकूं येत होतें, आणि गुरुजी एवढा वेळ कोणाशीं बोलत नाहींत हें आम्हां सर्वांस माहीत होतें. कोणीं डोकावून 'काय चाललें आहे, गुरुजी?' एवढें विचारलें असतें, तर कदाचित् ती साखळी मध्येंच तुटली असती. बँकेकडे बोट दाखवितांना ही गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं.

गेल्या महिन्यांत आम्ही दोघेतिघे त्यांच्या घरीं गेलों. 'असें कसें केलें' हें विचारण्याचें ह्या खेपेस टाळलें. तो माणूस प्रथम काय म्हणाला, मग काय म्हणाला, त्यानंतर तुम्हांस काय करावयास सांगितलें, असें क्रमानें विचारलें. गुरुजी आधीं संकोचले. मग फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावें तशी त्यांनीं एकेक पायरी सांगितली. ऐकणाऱ्यांपैकीं एक बाई मध्येंच म्हणाल्या, 'अहो, हेंच मला परवां फोनवर सांगत होते. मी उद्यां करतें म्हणून ठेवला.' त्यांच्या हातांतून फोन घेऊन गुरुजींनीं चष्मा लावला आणि तें अ‍ॅप त्यावर कोठें आलें आहे काय, हें पाहूं लागले.